आकडा गावात परत आला पाहिजे

उमरखेड, श्रावण

चि. छोटी हिस,


तुझा निरोप वाचला. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून गावच्या पाण्यात सेन्सर बसवायचा, त्याचे आकडे थेट मोबाइलवर आणायचे आणि त्यासाठी आपलंच गाव निवडायचं, हे ऐकून मला किती आनंद झाला ते फोनवर नीट सांगता आलं नाही. नांदेडला शिकायला गेलेली आपली पोरगी बंदी भागातल्या, म्हणजे अभयारण्यालगतच्या आपल्या गावांतल्या, पाण्याची काळजी करते, याहून वेगळं काय हवं? तू विचारलंस, "मामा, तुमची सगळी नोकरी आरोग्य खात्यात पाण्याचे नमुने आणि ब्लिचिंग पावडर करण्यात गेली, मी नेमकं काय मोजू?" उत्तर लांबणार म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. तुझं यंत्र कितीही चांगलं झालं, तरी त्याने दिलेला आकडा हंडा भरणाऱ्या बाईपर्यंत पोचला नाही तर गावाच्या दृष्टीने ते मोजमाप झालंच नाही. माझ्या नोकरीत मी हे फार पाहिलं. नमुना गावातून जायचा, प्रयोगशाळेत तपासला जायचा, "पिण्यास अयोग्य" असा शेराही यायचा, आणि तो कागद फायलीला लागायचा. तोवर गाव त्याच विहिरीचं पाणी पीत असायचं. कोणी मुद्दाम लपवत नव्हतं. अहवाल गावाला वाचून दाखवायचा असतो, हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. म्हणून आकडा गावात परत कसा येईल ते आधी ठरव, सेन्सर त्यानंतर निवड.

आता आपल्या पाण्याकडे ये. तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे नांदेड जिल्हा. इसापूर धरणाचा कालवा जिथे पोचला तिथे ऊस, केळी, हळद. जिथे नाही तिथे कापूस, सोयाबीन, तूर, आणि उन्हाळ्यात कोरड्या विहिरी. अभयारण्याच्या अंगाला असलेल्या आपल्या गावांत कुठे नळयोजना आहे, कुठे हातपंपावर भागतं, आणि वीज गेली की सगळे पुन्हा जुन्या विहिरीवर. या पाण्यात तीन प्रकारचा धोका असतो, आणि तिघांच्या तऱ्हा अगदी वेगळ्या आहेत.

पहिला जंतूंचा. तो एका दिवसात येतो आणि एका दिवसात गाव आडवं करतो. 2022 च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत हेच झालं. नळाचं पाणी बंद होतं, लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं, जुलाब-उलट्यांनी माणसं दगावली. पुढच्या वर्षीच्या जुलैत आपल्या शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, ते तुला आठवत असेल. पूर ओसरतो, पण विहिरीत गेलेला गाळ, शेणखत, शौचालयाच्या खड्ड्यांतलं पाणी तिथेच राहतं. आरोग्य खात्यातल्या माणसाला पुरापेक्षा पुरानंतरच्या आठवड्याची जास्त भीती वाटते.

दुसरा नायट्रेटचा. शेतातला युरिया, गोठ्याची घाण, विहिरीला फार जवळ खणलेले शोषखड्डे, यांतून तो झिरपत येतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे आणि तिच्यात सूट नाही. सगळ्यांत धोका वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला, कारण ते दूध याच पाण्यात कालवलं जातं. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं.

तिसरा फ्लोराइडचा, आणि याच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला तो आलेला आहे. आपल्याकडे वर काळा बेसॉल्ट असला तरी पांढरकवड्याकडे आणि नदीपलीकडे किनवटच्या बाजूला फार जुने खडक वर आले आहेत. त्यांतल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी त्या खडकात जितकं जास्त काळ मुरून राहील तितकं ते विरघळत जातं. पांढरकवड्याच्या भूजलातल्या फ्लोराइडवर 2007 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध आलेला आहे. 2016 च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित लवादाने राज्यातल्या फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांबद्दल आदेश दिले, त्यांत यवतमाळ आणि नांदेड दोन्ही होते. म्हणजे आपण नदीच्या कोणत्याही काठावर उभे राहिलो तरी हा प्रश्न आपलाच.

यातली खरी अडचण अशी की विहीर आटली म्हणून आपण बोअर घेतो, बोअर आटली म्हणून आणखी खोल जातो. खोलातलं पाणी दिसायला स्वच्छ, गार, चवीला गोड, जंतूही कमी. लोक खूश होतात. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याच्या वर गेलं की आधी पोरांच्या दातांवर पांढरट, मग पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर पाठ, मान, गुडघे आखडतात. दातांवरचे हे पट्टे घासून जात नाहीत, कारण ते दात हिरडीत तयार होत असतानाच पडलेले असतात. शाळेत आठ-नऊ वर्षांच्या पोरांना "आ करा" म्हणून ओळीने बघितलं तरी त्या गावाच्या पाण्याबद्दल बरंच कळतं. तू गावात काम सुरू करशील तेव्हा शाळेपासूनच कर. गुरुजींना विचारून, पोरांना न लाजवता.

आणि घरोघरी एक गोष्ट सांगत जा: पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण वाढतं. "आम्ही तर उकळूनच पितो" असं म्हणणाऱ्या बाया तुला भेटतील. त्या काळजी घेणाऱ्या बाया आहेत, त्यांना हे मायेने समजावून सांग.

आता तुझ्या सेन्सरचं बोलू. तू पाठवलेल्या यादीत पहिलाच टीडीएस होता. तो मीटर आता सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. फिल्टर विकणारा माणूस दारात येतो, पेनासारखा मीटर पेल्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि घरातली बाई घाबरते. पण टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. मानकात त्याला 500 ची इष्ट आणि 2000 ची कमाल मर्यादा आहे. 400 टीडीएसच्या पाण्यात 3 मिलिग्रॅम फ्लोराइड असू शकतं आणि मीटर काहीच बोलणार नाही. जुलाबाचे जंतू तर त्याला दिसतच नाहीत. म्हणून तुझ्या यंत्राने फक्त टीडीएस दाखवून खाली हिरवा दिवा लावला, तर ते गावाला खोटा धीर देणं होईल. असा हिरवा दिवा कृपा करून लावू नको.

पाण्यात महिनोन्महिने बुडवून ठेवावा आणि त्याने जंतू किंवा फ्लोराइड मोजत राहावं, असा स्वस्त सेन्सर आज खेड्याच्या आवाक्यात नाही. फ्लोराइडचा इलेक्ट्रोड असतो, पण त्याला दरवेळी ठरावीक द्रावण घालावं लागतं, प्रमाणित नमुन्याशी ताडून बघावं लागतं. ते प्रयोगशाळेतलं काम आहे. पीएच, गढूळपणा, क्षार, तापमान, पाण्याची पातळी, मोकळा क्लोरीन, एवढं शेतात किंवा टाकीवर मोजता येतं. त्यातही सेन्सरच्या कांडीवर चार आठवड्यांत शेवाळ चढतं, आपल्या जड पाण्यात चुन्याचा थर बसतो, आणि आकडा हळूहळू सरकत जातो. यंत्र चालू असतं, दिवा लुकलुकत असतो, आकडा मात्र चुकीचा असतो. कांडी कोण काढणार, मऊ ब्रशने कोण धुणार, कधी धुणार, हे त्या माणसाच्या नावासकट ठरलं नसेल तर यंत्र बसवू नको.

त्यातल्या त्यात मला मोकळ्या क्लोरीनचा सेन्सर फार कामाचा वाटतो. जलजीवन मिशनमध्ये टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने पाच राज्यांतल्या काही दूरच्या खेड्यांत असे प्रयोग झाले, त्यांत महाराष्ट्र होता. पाण्याचा प्रवाह, दाब, भूजलाची पातळी आणि क्लोरीन असं एकत्र मोजत. आपल्याकडे टाकीत पावडर टाकली की काम झालं असं मानतात. पण पोत्याचं तोंड उघडं राहिलं तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो, आणि मग ती पांढरी भुकटी टाकली काय न टाकली काय सारखंच. पाणी टाकीतून निघून शेवटच्या घराच्या नळाला पोचतं तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. टाकीवर तपासून उपयोग नाही. शेवटचा नळ बहुतेक वेळा वस्तीच्या टोकाच्या गरीब घराचा असतो, तिथेच पाइप फुटलेला असतो, आणि तिथेच आधी पोरं आजारी पडतात. सेन्सर एकच असेल तर तो त्या नळापाशी लाव. रेंजचं मात्र बघ. अभयारण्याच्या गावांत कित्येक ठिकाणी टेकाडावर चढल्याशिवाय फोन लागत नाही. आकडे यंत्रातच साठून राहतील आणि रेंज आली की जातील, अशी सोय हवीच.

आता मला जे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. गावात तपासणीची पेटी बहुधा आलेली आहे. जलजीवन मिशनने प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं ठरवलं, त्यासाठीची ही पेटी. तिच्यात पीएच, जडपणा, क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन अशा तपासण्यांच्या बाटल्या असतात, आणि जंतूंसाठी काचेच्या छोट्या कुप्या. आधी ती शोध. शाळेच्या कपाटात असेल, आशाताईंकडे असेल, नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत खोक्यात बंद असेल. सापडली की रसायनांच्या मुदतीची तारीख बघ.

त्या जंतूंच्या कुपीबद्दल सांगतो, कारण तिच्याबद्दल मला फार आदर आहे. ही तपासणी आपल्याच देशातली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी ती काढली आणि 1982 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. तिला वीज लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, घरात उबेच्या जागी ठेवायचं. विष्ठेसोबत येणारे काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तो कुपीतल्या लोहाच्या क्षाराशी मिळतो आणि पाणी काळं पडतं. एक-दोन दिवसांत निकाल. आपल्या उन्हाळ्यात लवकर, पौषात जरा वाट पाहावी लागते. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तो निकाल कळतो, तिला कोणी समजावून सांगावा लागत नाही. मी बायांच्या घोळक्यात काळी झालेली कुपी हातोहात फिरताना पाहिली आहे. त्यानंतर विहिरीत पावडर टाकायला कोणाच्या विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. वापरलेल्या कुपीत मात्र ब्लिचिंगचं पाणी घालून ती तासभर ठेव, मगच फेक. लेकरांच्या हाती लागू देऊ नको.

फ्लोराइडची तपासणी रंगाची असते. रसायन टाकलं की फ्लोराइड नसलेलं पाणी गुलाबीसर राहतं, फ्लोराइड जसं वाढेल तसा रंग पिवळ्याकडे सरकतो, आणि मग छापील पट्टीशी जुळवून आकडा ठरवायचा. अडचण इथे आहे. उन्हात एक रंग दिसतो, घरातल्या बल्बखाली दुसरा. एकीला 1 वाटतं, दुसरीला 1.5. आणि आपल्याला नेमकी तीच सीमा महत्त्वाची आहे. नेदरलँड्सच्या ॲक्वो नावाच्या संस्थेने फोनच्या कॅमेऱ्याने हा रंग वाचायची 'कॅडिसफ्लाय' ही पद्धत काढली होती. छोटी, तुझा प्रकल्प इथे आहे असं मला मनापासून वाटतं. बाहेरचा उजेड न शिरणारी लहानशी डबी, आत एकाच प्रकारचा एलईडी, नळी ठेवायला खाच आणि रंग वाचणारा साध्या फोनचा कॅमेरा. विहिरीत बुडवून ठेवायच्या सेन्सरपेक्षा ही डबी गावात जास्त दिवस टिकेल, कारण ती बायांच्या हातात असेल. बिघडली तर त्यांना त्याच दिवशी कळेल. यवतमाळच्या प्रयोगशाळेत तोच नमुना तपासून तुझ्या डबीचा आकडा किती जुळतो ते आधी पाहा, आणि जे येईल ते आहे तसं लिही.

नमुना घेण्यात घाई नको. यंत्र हजारो रुपयांचं आणि बाटली चहाच्या दुकानातली, असं होऊ नये. नळ आधी दोन-तीन मिनिटं वाहू दे. जंतूंसाठी घेत असशील तर निर्जंतुक बाटलीच हवी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नको, थोडी जागा रिकामी ठेव, आणि थंड डब्यातून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचव. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने आधी विसळून घे. कोणत्या हातपंपाचं पाणी, कोणत्या दिवशी, आदल्या दिवशी पाऊस झाला होता का, हे जागेवरच वहीत लिही. गावातले नमुने घेणाऱ्या जलसुरक्षकाच्या फोनमध्ये आता असं ॲप असतं की स्रोताजवळ उभं राहिल्याशिवाय नमुन्याची नोंद होत नाही. ही सोय मला फार आवडली. घरच्या माठातून बाटली भरून विहिरीचं नाव लिहिण्याला तिने आळा घातला. जलसुरक्षकाशी भांडू नको, त्याच्यासोबत काम कर. त्याला मिळतं थोडं आणि कामं पुष्कळ.

बांगलादेशची हकिगत तुला माहीत असायला हवी. तिथे तळ्या-नद्यांच्या पाण्याने पोरं दगावत म्हणून लाखो नळकूप खोदले गेले. 1993 मध्ये कळलं की त्यातल्या पुष्कळ पाण्यात आर्सेनिक आहे. मग 2000 ते 2003 च्या सुमारास जवळपास 50 लाख नळकूप जागेवरच तपासले आणि निकाल तिथल्या तिथे रंगवला: वाईटाला लाल तोंड, चांगल्याला हिरवं. बायांनी हिरवा पंप शोधून तिकडे हंडे वळवले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर निकाल थेट पंपावर लिहिला गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पण पुढे रंग उडाला, नवे नळकूप खोदले गेले, त्यांना कोणी तपासलं नाही, आणि देशभर तशी फेरी पुन्हा व्हायला फार वर्षं लागली. आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर स्रोतांचं सर्वेक्षण होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. व्यवस्था चांगली आहे. ते कार्ड ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लागलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं. आणि ज्या हातपंपात फ्लोराइड निघालं त्यावर लाल रंग हवा, खाली मोठ्या अक्षरात "पिऊ नका, भांडी-कपड्यांना चालेल". पंप काढून टाकायची गरज नसते. बायांची अर्धी कामं त्याच पाण्यावर चालतात.

विरोध होईल, त्याची तयारी ठेव. "गावाचं नाव खराब होईल, पोरींची लग्नं जमणार नाहीत" असं म्हणणारी माणसं प्रत्येक गावात असतात, आणि त्यांची भीती खोटी नसते. दातांवर पट्टे आलेल्या पोरी तोंडावर पदर धरून हसतात, ते मी पाहिलं आहे. त्या माणसांना एवढंच सांग की पट्टे पाण्याने आलेत, तपासणीने नाही. आणि धाकट्या पोरांचे दात अजून तयार होताहेत, त्यांना वाचवता येईल. पर्यायही सोबत घेऊन जा. कुठे पावसाच्या पाण्याने भरणारी उथळ विहीर दुरुस्त करून भागतं, कुठे शेजारच्या चांगल्या स्रोतातून पाइप आणता येतो. नागपूरच्या नीरीने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत काढली, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण ती रोज कोणीतरी नीट करावी लागते, म्हणून चांगला स्रोत सापडत असेल तर आधी तोच. पैशाचं म्हणशील तर 15 व्या वित्त आयोगाने 2021-22 पासून ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. सरपंचांना आकडा दाखवशील तेव्हा तो निधी कुठे खर्च झाला, किती उरला, हेही नम्रपणे विचार. तू गावची पोरगी आहेस, तो तुझा हक्क आहे.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि पावसाळ्यानंतरच्या सर्वेक्षणाचा महिनाही तोच. तेव्हा सप्टेंबरात पाच बायांना घेऊन गावातला प्रत्येक स्रोत तपासून घ्या: नळाचं शेवटचं टोक, शाळेचा आणि अंगणवाडीचा नळ, तांड्यावरचा आणि कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे त्यांच्या वस्तीवरचा, हातपंप. शेवटचे दोन विसरू नको, तिथे बाटली घेऊन फारसं कोणी जात नाही. ग्रामसभेत निकाल तू वाचू नको, त्या पाचजणींपैकी एकीला वाचू दे. उद्या तू नोकरीला पुण्याला जाशील, ती गावातच असेल.

विषयपत्रिकेवर विषय यायला अर्ज आधी द्यावा लागतो. "गावातील पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल वाचून नोंद घेणे" असं लिही, ग्रामपंचायतीत दे आणि पोच घे. अर्जाचा मसुदा मला आधी पाठवलास तर बघून देईन. तुझ्या आईला सांग, राखीला येतो आहे, तेव्हा ती तपासणीची पेटी शोधून ठेवली असेल तर आपण दोघं मिळून बाटल्यांच्या तारखा बघू.

तुझा,
मोठा मामा